झाडेसाहेबांची मेथी

झाडेसाहेब कुठंही गेले की आधी चिमूटभर माती उचलून नाकाला लावायचे. माझ्या बहिणीसाठी स्थळ पाहायला आम्ही गिरडला गेलो, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून मी त्यांना सोबत नेलं. आत मुलगा बसलेला, पोहे आलेले, आणि हे अंगणात उकिडवे. आत येऊन म्हणाले, "जमीन चांगली हाये. करून टाका." मुलाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

आमच्या नगरपालिकेत ते ओव्हरसियर आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला हा माणूस डिप्लोमा करून नोकरीत आला होता. बायको वारल्यापासून भाड्याच्या खोलीत एकटेच राहायचे. कोणतंही काम सांगा, पहिलं उत्तर ठरलेलं, "आता नाई होत बाप्पा." मग चपला घालून त्याच कामाला निघायचे.

ऐंशी सालाच्या आसपास गावाबाहेरच्या बंद पडलेल्या रंगकारखान्याची जागा पालिकेकडे आली. तिथं घरांसाठी प्लॉट पाडले, चिठ्ठ्या टाकून लोकांना नेमूनही दिले. कर्मचाऱ्यांच्या वाट्यातला एक साहेबांना लागला. जागा राहण्याजोगी आहे, असा साहेबांचा शेरा तेवढा बाकी होता.

साहेबांनी माती हुंगली आणि तोंड वाकडं केलं. कारखान्याचं रंगाचं पाणी तिथं वर्षानुवर्षं मुरलं होतं. त्यांनी मातीचे आणि पाण्याचे नमुने नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर काही येईना. मग त्यांनी जागोजागी वाफे करून मेथी पेरली. भर उन्हाळा. ऑफिस सुटलं की आम्ही दोघं गावातून बादल्या वाहून पाणी घालायचो. जाणारे-येणारे हसायचे. अध्यक्षांनी एकदा बोलावून विचारलं, "झाडे, पालिकेची भाजी बाजारात कधी आणता?"

"अजून कोवळी हाये," साहेब म्हणाले.

माझे खांदे भरून आले होते. मी म्हटलं, "साहेब, सही करून टाका न. लोक वाट पाहून राह्यले."

"त्यायचे लेकरं याच मातीत खेळतीन. विहिरीबी इथंच खोदतीन. तू पाणी टाक."

मेथी बहुतेक ठिकाणी चांगली आली. कारखान्याच्या जुन्या हौदांपाशी मात्र पिवळी पडून बसली. पावसाळ्याच्या तोंडावर नागपूरचा अहवाल आला, त्यातही तेच. हौदांजवळची माती आणि पाणी विषारी. तो पट्टा वगळायचं ठरलं. बगिच्यासाठी ठेवलेली जागा मोडून त्या पट्ट्यातल्या प्लॉटवाल्यांची सोय लावली, तरी एक जण उरली. शांताबाई. गिरणीत काम करून दोन मुली वाढवणारी विधवा बाई.

तिला हे सांगायला आम्ही निघालो, तर ती तिच्या प्लॉटवरच भेटली. तिनं जमिनीवर चुन्यानं घराच्या रेघा मारल्या होत्या.

"या साहेब, दारातून या," ती म्हणाली.

साहेब खरंच वळसा घालून रेघेतल्या मोकळ्या जागेतून आत गेले. तिनं चूल कुठं, पोरी कुठं झोपणार, सगळं दाखवलं. साहेबांनी सगळं पाहून घेतलं. मग तिथंच खाली बसून तिला जमिनीचं सांगितलं.

ती रडली नाही. "मंग मी कुठं जाऊ?" एवढंच म्हणाली.

साहेब "चाला," म्हणून उठले आणि आम्हाला पार दुसऱ्या टोकाला, त्यांच्या स्वतःच्या प्लॉटवर घेऊन गेले. "हा घ्या. इथली माती चांगली हाये. अध्यक्षायशी मी बोलतो."

तिथंही चुन्याच्या रेघा होत्या. मला पत्ताच नव्हता. दोन खोल्या, आणि त्यातल्या एकीला वेगळं दार.

परत येताना मी विचारलं, "साहेब, एकट्या माणसाले दोन खोल्या कायले?"

"सुधाकर अन् सूनबाई आले तं त्यायले वेगळी नको?"

सुधाकर त्यांचा मुलगा. भिलाईला नोकरीला होता. लग्न झाल्यापासून तो इकडे फिरकला नव्हता.

"आता ते आले तं?"

"तो काई येत नाई रे," साहेब म्हणाले. मग रस्त्यात थांबून त्यांनी माझा दंड धरला. "जरा हळू चाल. मले दम लागून राह्यला."