सोनावणेकाकांचा तिसरा रकाना

सोनावणेकाकांना नुसतं 'आलो' म्हटलेलं चालत नाही. त्यांच्या दारात उभं राहून तुम्ही "काका, आलो" म्हणालात, की ते चष्म्याच्या वरून बघतात आणि विचारतात, "कसा?" धावत आलास, रेंगाळत आलास, की लिफ्ट बंद म्हणून चडफडत आलास? ते सांगितल्याशिवाय आत घेत नाहीत. आमच्या चिखलोलीच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेली माणसं पहिला महिनाभर त्यांना टाळतात. नंतर सुधारतात. आमचा गॅसवाला तर हल्ली बेल वाजवून स्वतःच सांगतो, "सिलिंडर लाया काका, संभाल के लाया."

मी या सोसायटीची सेक्रेटरी. भांडकुदळ आहे म्हणून बिनविरोध निवडून आले असं माझा नवरा म्हणतो आणि त्यात काही खोटं नाही. काकांशी माझी ओळखही भांडणातूनच झाली. मी खाली बोर्डावर इंग्रजीत नोटीस लावली होती, की लिफ्ट विल बी रिपेअर्ड. संध्याकाळी बघते तर खाली लाल पेनने लिहिलेलं, 'कधी? कशी? आपोआप?' अक्षर कोणाचं ते वॉचमनने लगेच सांगितलं. मी तरातरा तिसऱ्या मजल्यावर गेले. भांडायला गेले आणि पाऊण तासाने ॲडव्हर्ब शिकून खाली आले.

"हे बघ सेक्रेटरी," काका म्हणाले, "रिपेअर हे काम झालं. आता त्या कामाला प्रश्न विचार. कसं झालं, कधी झालं, कुठे झालं, कितपत झालं. जो शब्द उत्तर द्यायला पुढे येईल तो ॲडव्हर्ब. तुझ्या नोटीशीत उत्तर द्यायला कोणीच पुढे येत नाही. म्हणून ती लिफ्ट दुरुस्त होत नाही."

शाळेत आम्ही याला क्रियाविशेषण म्हणून पाठ केलं होतं आणि पेपर झाल्यावर विसरलो होतो. मला वाटत होतं, शेपटीला एलवाय दिसला की झाला ॲडव्हर्ब. मी तसं म्हणाले, तर काका खूश झाले. चूक सापडली की त्यांना बरं वाटतं. "एलवाय म्हणजे युनिफॉर्म. आता युनिफॉर्म घातलेला प्रत्येक माणूस वॉचमन असतो का? फ्रेंडली बघ. युनिफॉर्म वॉचमनचा, पण गेटवर कधी उभाच नाही, कायम नामाच्या मागे-पुढे. फ्रेंडली माणूस, फ्रेंडली कुत्रा. आणि फास्ट, हार्ड हे खरे वॉचमन, पण साध्या कपड्यांत. कपडे बघू नकोस, काम बघ."

हे मी ऐकलं, मान डोलावली, घरी आले आणि दुसऱ्याच आठवड्यात आनंदनगरच्या एका पॅकेजिंग कंपनीत अर्ज केला. त्यात अभिमानाने लिहिलं, 'आय हॅव वर्क्ड हार्डली फॉर इलेव्हन इयर्स.' पाठवण्याआधी काकांना दाखवला एवढं नशीब. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सेक्रेटरी, तू लिहिलंयस, की अकरा वर्षं तू जेमतेमच काम केलंस. असेलही. पण अर्जात कशाला कबूल करतेस?" हार्डलीचं हार्ड झालं, नोकरी लागली. आज डिस्पॅचचं टेबल माझ्याकडे आहे, ते त्या दोन अक्षरांमुळे, असं काका भेटेल त्याला सांगतात.

एकदा मला त्यांनी उल्हासनगरच्या मार्केटात नेलं. त्यांच्या बायकोला, शालिनीकाकूंना गाऊन घ्यायचे होते, पुढून पूर्ण उघडणारे. सिंधी दुकानदाराने गठ्ठा टाकला आणि म्हणाला, "ले लो साईं, चलेगा."

"कैसा चलेगा?"

"मस्त चलेगा."

"मस्त म्हणजे मोघम. नीट सांगा."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी वर छताकडे बघितलं. मग तो बिचारा म्हणाला, "धुलाई के बाद भी बराबर चलेगा, साईं. रंग बिलकुल नहीं जाएगा." काकांनी चार गाऊन घेतले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बघितलंस? विचारल्यावर एका दमात तीन ॲडव्हर्ब दिले. माणसाकडे असतात गं, कोणी विचारत नाही."

काकांना एकच ॲडव्हर्ब चालत नाही, तो म्हणजे प्रॉपरली. आपल्याकडे तर प्रॉपरलीशिवाय पान हलत नाही. फॉर्म प्रॉपरली भरला, गाडी प्रॉपरली लावली, मुलगा प्रॉपरली अभ्यास करतो. काकांसमोर हा शब्द काढला, की ते डाव्या हाताची बाही वर सरकवतात. कोपरापासून मनगटापर्यंत चकचकीत, सुरकुतलेली कातडी आहे. आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत ते तीस वर्षं शिफ्टला होते. जाणाऱ्या शिफ्टने वहीत लिहून ठेवलं होतं, व्हॉल्व्ह क्लोज्ड प्रॉपरली. काकांनी विश्वास ठेवला आणि पाइप उघडला. व्हॉल्व्ह बंद होता, पण पुरता नव्हता. "प्रॉपरली म्हणजे न बघता केलेली सही," ते म्हणतात. त्यानंतर त्यांनी आपल्या शिफ्टच्या वहीत पट्टीने एक जादा रकाना आखला. पहिला वेळ, दुसरा काय, तिसरा कसं, चौथा सही. तिसरा रकाना कोरा असेल तर निवृत्त होईपर्यंत त्यांनी कधी सही केली नाही. साहेबाशी भांडले, पण केली नाही.

गेल्या वर्षी शालिनीकाकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. उरला एकच शब्द, 'हो'. भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो, पंखा बंद करा तरी हो. काकूंना मी आधीपासून ओळखते, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढं बोलणारी बाई. त्यांचं हे झालं तेव्हा जिना उतरताना मला उगाचच भरून यायचं.

काकांनी काकूंना सांभाळायला ब्यूरोच्या बायका ठेवल्या. एकामागून एक चार गेल्या. संध्याकाळी काका विचारायचे, "जेवली का?" बाई म्हणायची, "हो, प्रॉपरली जेवल्या." की दुसऱ्या दिवशी बाई बंद. मग त्यांनी कोणालाच ठेवलं नाही. त्यात त्यांचं स्वतःचं हर्नियाचं दुखणं निघालं. ऑपरेशनची तारीख तीनदा घेतली आणि तीनदा मोडली. मुलगी नागपूरला, तिचे दिवस भरत आलेले, ती येणार कशी? शेवटी डॉक्टर म्हणाले, आतडं अडकलं तर मध्यरात्री उचलून आणावं लागेल, तेव्हा तुमच्या मिसेसकडे कोण बघेल? काका जिन्यात हे मला सांगत होते, म्हणजे माझ्याशी नाही, कठड्याशी बोलत होते.

मी म्हटलं, "मी बघीन. दोन दिवस रजा टाकते."

"कसं बघशील?"

मी चिडले. "डोळ्यांनी," म्हटलं.

त्यांना ते पटलं असावं, कारण ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सात वाजता मला हँडओव्हरला बोलावलं. काका फुलपँट, इन केलेला शर्ट, पायात बूट अशा थाटात उभे. टेबलावर लांबडी वही. मला म्हणाले, "बसायचं नाही. शिफ्ट घेताना कोणी बसत नाही. मी वाचतो, तू ऐक, मग सही कर." बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावलेली होती, काकू खुर्चीत, त्याच उल्हासनगरच्या गाऊनमध्ये. रंग खरंच गेला नव्हता.

काका कालचं पान वाचू लागले. "सहा पन्नास. उठवलं. सेड हो, स्लीपिली. सात वीस. चहा दिला. सेड हो, ग्रीडिली. आठ. मी भाजी केली. सेड हो, सार्कास्टिकली. नऊ दहा. विचारलं, मी ऑपरेशनला जाऊ का. सेड हो." ते थांबले. "हाफ-हार्टेडली."

मला हसू आलं. मी म्हटलं, "काका, हो म्हणजे हो. त्यात एवढं काय लिहायचं?"

काकांनी वही मिटली नाही, बोट त्याच ओळीवर ठेवलं. "नीलम, तिच्याकडे शब्द एकच राहिलाय. काय म्हणाली ते विचारून मला काय कळणार? कसं म्हणाली, तेवढंच आता माझ्या हातात आहे."

त्यांनी मला नावाने हाक मारली ती त्याच दिवशी पहिल्यांदा. माझं हसू जागच्या जागी विरलं. मी सही केली. माझा नवरा त्यांना घेऊन हॉस्पिटलात गेला, आणि मी कंबर कसली. दोन मुलं वाढवलेली बाई मी, एक काकू सांभाळायला काय लागतं, असं मला वाटत होतं.

साडेबाराला मी काकूंना वरणभात भरवला. ताटली रिकामी झाली. वहीत लिहिलं, बारा पन्नास, वरणभात. तितक्यात काकांचा फोन. ऑपरेशनला अजून तासभर होता.

"जेवली?"

"जेवल्या."

"कसं?"

"प्रॉपरली," मी म्हणाले. तोंडातून गेलं आणि मीच जीभ चावली.

पलीकडून काका अगदी शांतपणे म्हणाले, "उजव्या गालात बोट घालून बघ."

मी बघितलं. उजव्या गालाच्या आत भाताचा अख्खा गोळा तसाच होता. ती बाजू जिवंतच नाही, काकूंना कळतच नव्हतं. तसंच मी त्यांना आडवं करणार होते. घास श्वासनलिकेत गेला असता तर? मी बोटाने गोळा काढला, पाण्याने तोंड पुसलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो." मी वहीत वरणभातापुढे खरं ते लिहिलं, ओन्ली पार्टली. आणि खालच्या ओळीत, सेड हो, अँग्रिली. ब्यूरोच्या पाचव्या बाईकडे बघतात तसंच त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं, खोटं कशाला लिहू?

त्यानंतर मी टीव्ही बंद केला आणि काकूंच्या समोर बसले. तीन वाजेपर्यंत मला तीन हो वेगळे ऐकू यायला लागले. आखूड हो म्हणजे पुरे. लांबवलेला हो म्हणजे कूस बदल. एक हो हनुवटी वर करून होता, तो खिडकीचा पडदा सरकवण्यासाठी. पडदा सरकवल्यावर समोर नव्या बिल्डिंगची क्रेन दिसते, काकू ती एकटक बघतात. मी लिहिलं, क्युरियसली. स्पेलिंगसाठी मुलीला फोन केला.

चार वाजता काकू दाराकडे बघायला लागल्या. क्रेन नको, चहा नको. पावणेसहाला नवऱ्याचा फोन आला, ऑपरेशन झालं, काका शुद्धीवर आलेत, नर्सला विचारतायत की सलाईन कसं चाललंय.

मी काकूंपुढे उकिडवी बसले आणि सांगितलं, "काकू, झालं ऑपरेशन. काका बरे आहेत. उद्या घरी येतील."

काकू म्हणाल्या, "हो."

मी वही घेतली. पाच पन्नास, सेड हो. तिसऱ्या रकान्यात पेन टेकवलं आणि तसंच धरून राहिले. इंग्रजीत शब्द आला नाही. म्हटलं मराठीत लिहू, तिथेही आला नाही. जागा सोडली. त्या रात्री मी तिथेच झोपले आणि सकाळीही शब्द सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आले. पोटावर हात धरून, नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत. दारात थांबले, मला म्हणाले, "आधी वही." खुर्चीत बसवलं तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता, पण बोट ओळीवर ठेवून वाचत गेले. ओन्ली पार्टलीपाशी थांबून मान हलवली. क्युरियसलीपाशी थोडं हसले, तर टाके ओढले गेले. मग पाच पन्नासला आले.

"हा रकाना कोरा का?"

"शब्द सापडला नाही, काका."

"म्हणजे आनंदाने?"

"नाही. म्हणजे होता आनंद. पण तेवढंच नव्हतं."

"सुटल्यासारखं? रिलीव्हडली?"

"तेही नाही. मला नाही सांगता येत."

"बघितलं होतंस ना नीट?"

"बघितलं होतं," मी म्हणाले. "म्हणून तर लिहिता येत नाही."

काकांना खुर्चीतून अंगाने वळता येत नव्हतं, म्हणून फक्त मान वळवली आणि काकूंना म्हणाले, "शालिनी, आलो."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "हो."

तो कालचाच हो होता. मला ओळखू आला आणि माझे डोळे एकदम भरून आले. मी पदर शोधायला लागले आणि आठवलं, आज ड्रेस घातलाय. काकांनी पेन उघडलं. तिसऱ्या रकान्यावर धरलं. एकदा टेकवलं, उचललं, परत टेकवलं. मी बघत होते, या माणसाला तरी सापडेल.

मग ते पेन सरकत सरकत चौथ्या रकान्यात गेलं आणि काकांनी तिथे सही केली. तिसरा तसाच कोरा ठेवून.

"शिफ्ट संपली तुझी. जा घरी," ते वही मिटत म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी दारात चपला घालत होते, तेव्हा आतून पुन्हा एकदा 'हो' ऐकू आला. काकांनी वही उघडल्याचा आवाज मात्र आला नाही.