गुंडोपंतांचा शून्य खासगीपणा

एका जंगलात, बाळांनो, जिथे झाडांपेक्षा शेजारी जास्त होते, गुंडोपंत नावाचे एक खवले मांजर राहायचे. रात्री मुंग्या खायच्या, उजाडले की बिळात शिरायचे, आतून माती लोटून दार बुजवायचे आणि अंगाचा गोळा करून झोपायचे, एवढाच त्यांचा संसार. कुणी हाक मारली, की गोळा. कुणी ख्यालीखुशाली विचारली, तरी गोळाच.

एके दिवशी दूरच्या तळ्यावर मानसशास्त्र शिकलेले डॉक्टर बगळे तिथे आले. ते एका पायावर उभे राहत, म्हणून सगळ्यांना विद्वान वाटत.

“महाराज,” ते वाघोबांना म्हणाले, “खासगीपणाचे प्रकार असतात. कुणाला एकटे राहायचे असते, कुणाला फक्त घरच्यांत. कुणाला गर्दीत राहूनही अनोळखी राहायचे असते, तर कुणाला मनातले मनातच ठेवायचे असते. हे सगळे मोजता येते.”

“मग मोजा की! ज्याचा जास्त भरेल, त्याला जंगलातले सर्वांत खोल बीळ देऊन टाकू.”

सर्वांत खोल बीळ गुंडोपंतांचे होते, बरं का.

मोजणी भर माळावर, सगळ्यांदेखत सुरू झाली. पहिला नंबर हरणाचा.

“चारचौघांत बोलायला लाज वाटते का तुम्हाला? जरा मोठ्याने सांगा, मागे ऐकू जात नाही.”

हरीण लाजून पळाले. त्याला शून्य मिळाले. न दिलेल्या उत्तराला शास्त्रात गुण नसतात.

चंद्राक्का कोल्हीण मात्र तयारीनिशी आली होती. “मी इतकी एकांतप्रिय, इतकी एकांतप्रिय, की काय सांगू!” असे म्हणून ती दुपारपर्यंत सांगत राहिली. सासूशी का पटत नाही, नवरा झोपेत काय बरळतो, सगळे तिने पुराव्यादाखल सांगितले. डॉक्टर गहिवरले. चंद्राक्काला पूर्ण गुण!

मग गुंडोपंतांची पाळी आली.

“मनातले कुणाला सांगता का, पंत?”

गोळा.

“बोला हो. मी कुणाला सांगणार नाही,” डॉक्टर भरसभेत म्हणाले.

गोळा आणखी घट्ट झाला. डॉक्टरांनी खवल्यांवर चोचीने टकटक करून पाहिले आणि जाहीर केले, “शून्य. या गृहस्थांना खासगीपणाची गरजच नाही.”

बीळ चंद्राक्काकडे गेले. स्वतःच्या नखांनी कोरलेले बीळ! गुंडोपंतांना फार फार वाईट वाटले. ते तिथेच माळावर पडून राहिले. आता आयुष्यात कसली झोप लागणार?

इकडे चंद्राक्काने टेकडीवरून कोल्हेकुई केली, “चला हो, माझा एकांत बघायला चला!” सगळे जंगल लोटले. डॉक्टरांनी लांब मान बिळात घातली, ती काही लवकर बाहेर काढली नाही. बघता बघता रोजच्या रांगा लागल्या. मागच्यांनी पुढच्यांना ढकलले, पुढच्यांनी चंद्राक्काला.

गुंडोपंतांनी हळूच एक डोळा उघडला. माळावर चिटपाखरू नव्हते. त्यांनी डोळा मिटला आणि असे घोरले, असे घोरले, की जन्मात कधी घोरले नसतील.

काही दिवसांनी चंद्राक्का आली. डोळे तारवटलेले, घसा बसलेला.

“पंत, जरा तुमच्या शेजारी पडू का हो? एक अक्षर बोलणार नाही.”

गुंडोपंत तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

“आधी मोजणी करून या.”

तात्पर्य : बोलणाऱ्याला बीळ मिळते, गप्प बसणाऱ्याला झोप. यातले तुम्हाला काय हवे, ते मात्र कुणाला सांगू नका.