मंगळाची शिफारस

पुण्याहून येणारी 'ग्रहवार्ता' रंगनाथ मास्तरांच्या हातात पडली, तेव्हा ती बोरदऱ्याच्या निम्म्या गावाची ऐकून झाली होती. दोष फक्रुद्दीन पोस्टमनचा म्हणावा तर तोही पूर्ण नव्हता. राजूरहून सायकलवर येताना त्याला पावसाने गाठलं, म्हणून तो छगनच्या हॉटेलात शिरला. शिरला म्हणून चहा आला, चहा आला म्हणून बसणं आलं, आणि नुसतं बसून काय करायचं, म्हणून त्याने बुकपोस्टाची पट्टी सरकवली आणि शेवटचं पान मोठ्याने वाचून दाखवलं.

"मास्तर, भंडारदऱ्याला काम निघालंय," शाळेच्या ओट्यावर सायकल टेकवत तो म्हणाला. "तीन आठवडे. जेवन बी हाय. मंगळाकडं बघायचं, बस. दुसरं काय न्हाई."

'ग्रहवार्ता' म्हणजे पुण्याच्या एका हौशी मंडळाची सायक्लोस्टाइल केलेली आठ पानं. आधी 'सभासदवार्ता', म्हणजे कोणी कोणत्या शाळेत शुक्रावर भाषण दिलं, कोणाच्या दुर्बिणीच्या आरशाला बुरशी आली, वगैरे. शेवटच्या पानावर 'संधी'. मास्तर पाच वर्षं वर्गणी भरत होते आणि पाच वर्षं संधी वाचत होते. प्रत्येक संधीला एम. एस्सी. लागायची. मास्तरांकडे सातवीची फायनल आणि शिक्षकाचं ट्रेनिंग. त्यांची दुर्बीण म्हणजे पत्र्याची नळी आणि संगमनेरहून आणलेली चष्म्याची भिंगं. तिच्यातून पलीकडच्या डोंगरावर एक म्हैस असेल तर दोन दिसत आणि मंगळ मात्र ठिपक्याचा ठिपकाच राही.

या वेळची संधी निराळी होती. ऑक्टोबरात मंगळ पृथ्वीच्या जवळ येणार होता. त्र्याहत्तरची दिवाळी आणि मंगळ दोन्ही एकदम. भंडारदऱ्याला निरीक्षण शिबिर भरणार होतं आणि एक स्थानिक निरीक्षक नेमायचा होता. पदवीची अट नव्हती. डोळे चांगले हवेत, चित्र काढता यायला हवं. मंडळाची सहा इंची दुर्बीण निरीक्षकाला रोज वापरायला मिळणार होती. फक्त अर्जासोबत, अर्जदाराच्या मंगळविषयक माहितीची स्वतः खात्री करून घेतलेल्या जबाबदार गृहस्थाचं शिफारसपत्र जोडायचं होतं.

मास्तरांनी ते पान चार वेळा वाचलं. ही जागा आपल्यासाठीच काढली आहे, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

"माझ्या पत्रिकेत मंगळ न्हाई म्हनून तुमच्या घरच्यांनी मला करून घेतली," मनकर्णाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "आन आता तुमीच त्याच्या मागं लागलाय."

"अगं, सहा इंची दुर्बीण आहे. जन्मात मिळायची नाही."

"मिळू द्या. पन दिवाळीला घरात मानूस पायजे, एवढंच म्हनते मी."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर शिफारसपत्रासाठी सरपंचांच्या ओसरीवर गेले, तर तिथे आधीच नऊ माणसं बसलेली. छगन हॉटेलवाला सगळ्यांत पुढे. त्याच्या शेजारी, पदर खोचून, कडूबाई.

याचं कारण समजून घ्यायला हवं. मागलं वर्ष दुष्काळाचं. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं तर मस्टरवर नाव लागायला हवं, आणि नाव लागायला सरपंच भिमाजी अण्णांची चिठ्ठी हवी. गावाने वर्षभरात एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. काम कसलं आहे हे विचारत बसायचं नाही, आधी चिठ्ठी घ्यायची. खडी काय आणि मंगळ काय.

"बाया घेत्यात का?" कडूबाईंनी मास्तरांना विचारलं.

"घेत नाहीत असं काही लिहिलेलं नाही. पण कडूबाई, हे रात्रीचं काम आहे. दुर्बिणीतून बघायचं, चित्र काढायचं."

"खडी फोडन्यापरीस बरं हाय की मग."

छगन म्हणाला, "मास्तर, मी मक्याच्या राखनीला रातभर जागतो. मला झोपच न्हाई. माझ्यापरीस लायक मानूस दाखवा."

भिमाजी अण्णा अकरा वर्षं सरपंच होते आणि सही करण्यापलीकडे त्यांचा लिहिण्या-वाचण्याशी संबंध नव्हता. सही मात्र ते मन लावून करत, जीभ दातात धरून. त्यांनी सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि निकाल दिला.

"मास्तर, समद्यांची लिवा. अर्ज बी तुमीच लिवा, चिठ्ठ्या बी तुमीच लिवा. एकाला दिली आन दुसऱ्याला न्हाई, असं आपल्यात चालत न्हाई."

"पण अण्णा, जागा एकच आहे."

"ते पुन्यावाले बघतील. आपन कशाला कुनाचं मन मोडा? आन हो, शाळेच्या कौलांचं पुढच्या मीटिंगला घेतोय बरं का."

शाळा पावसात गळत होती, म्हणून कौलांचं नाव निघताच मास्तरांनी कागद मागवले. शिवाय मनात हिशेब होताच, की या नऊ जणांपैकी एकालाही मंगळ कुठे उगवतो हे ठाऊक नाही. पुण्याची माणसं शहाणी. दाणे कुठले आणि फोलपटं कुठली, त्यांना कळेल.

मास्तर लिहायला बसले. पहिली चिठ्ठी छगनची. 'मी स्वतः अर्जदाराची परीक्षा घेतली असून मंगळाच्या ध्रुवांवरील पांढऱ्या टोप्या ऋतूंप्रमाणे लहानमोठ्या होतात, हे मी त्याच्याकडून पक्के करून घेतले आहे.' छगन खूश झाला. दुसरी कडूबाईंची. तेच वाक्य पुन्हा लिहावं, तर मास्तरांच्या शिक्षकी स्वभावाला ते मानवेना. नक्कल केलेला पेपर त्यांनी उभ्या जन्मात तपासला नव्हता. म्हणून कडूबाईंना मंगळाचे दोन चंद्र मिळाले. तिसऱ्याला कालवे आणि ते कालवे नसल्याचा पुरावा. चौथ्याला दोन वर्षांपूर्वीचं धुळीचं वादळ, ज्यात अख्खा ग्रह महिनोन् महिने झाकून गेला होता. पाच वर्षं ज्याबद्दल बोलायला गावात एक माणूस मिळाला नव्हता, ते सगळं मास्तरांनी त्या नऊ चिठ्ठ्यांत ओतलं. नववी चिठ्ठी संपली तेव्हा बोट दुखत होतं आणि मन तृप्त झालं होतं.

दहावी चिठ्ठी स्वतःची. इथे मास्तर अडले. दुसऱ्याबद्दल खोटं लिहिताना उपकार केल्यासारखं वाटतं, स्वतःबद्दल खरं लिहितानाही घाम फुटतो. त्यात समोर अण्णा सहीसाठी पेन उघडून बसलेले. अण्णांनी आपली परीक्षा घेतली असं लिहावं, तर अण्णांनी ती घेतलेली नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं, 'अर्जदार येथील शाळेत शिक्षक आहे. वर्तणूक ठीक आहे.'

अण्णांनी दहाही कागदांवर सह्या केल्या. छगनने गूळ घालून चहा पाजला. फक्रुद्दीनने दहा पाकिटं एकाच थैलीत घातली.

सप्टेंबर सरत आला तेव्हा 'ग्रहवार्ता' आली. या वेळी फक्रुद्दीनने ती वाटेत वाचून दाखवली नाही, ती सरळ मास्तरांच्या हातात दिली आणि सायकल न थांबवता निघून गेला. मास्तरांनी उभ्याउभ्याच पट्टी सरकवली.

'सभासदवार्ते'त पहिलीच बातमी होती:

'अकोले तालुक्यात मंगळाभ्यासाचे अज्ञात केंद्र. बोरदऱ्याचे सरपंच श्री. भिमाजी पाटील यांनी कोणताही गाजावाजा न करता ग्रामस्थांची मंगळविषयक तयारी करून घेतली आहे. त्यांनी पाठवलेली शिफारसपत्रे म्हणजे या विषयावरील एक लहानसा ग्रंथच होय. शिष्य निरक्षर असल्याने त्यांचे अर्जही गुरूंनी स्वहस्ते, त्याच सुवाच्य अक्षरात लिहून दिले आहेत. त्यांचा निःपक्षपातीपणा असा, की एका शिक्षकाच्या मंगळज्ञानाविषयी त्यांनी एक अक्षरही लिहिलेले नाही. सदर शिक्षकाचा अर्जही त्यांनाच लिहून द्यावा लागला, यावरून काय ते समजावे.'

खाली चौकट होती. शिष्यांतून निवड करणं अवघड असल्याने मंडळाने एकमताने ठरवलं होतं, की शिबिराचे प्रमुख निरीक्षक म्हणून खुद्द श्री. भिमाजी पाटील यांनाच बोलवावं.

मास्तरांनी बातमी पुन्हा वाचली. नाव छापलं नव्हतं, एवढाच दिलासा. पण मंडळाच्या सभासदांत बोरदऱ्याचा शिक्षक एकच होता.

बाकीच्यांना पोस्टकार्डं आली, पुढील वेळी विचार करू म्हणून. कडूबाईंनी फार मनाला लावून घेतलं नाही. "मंगळाचं न्हाई जमलं तर न्हाई," त्या म्हणाल्या. "शनीचं काम निघालं की सांगा."

संध्याकाळी अण्णांचं बोलावणं आलं.

"मास्तर, ह्ये काय लफडं केलंत वो तुमी?" अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. पुण्याहून आलेलं पत्र त्यांनी देवघरात ठेवलं होतं. "मला मंगळ म्हंजी मंगळवार एवढंच ठावं."

"मी पुण्याला कळवतो, की सगळं मी लिहिलं होतं."

"आन माझी सही? सरपंच न वाचता सह्या करतो म्हनून छापून आनता का?" अण्णांनी पानाला चुना लावला. "तसं न्हाई करायचं. मी जातो. तुमी बी चला संगं. मदतनीस म्हना, पिशवी धरनारा म्हना. त्यांनी इचारलं की तुमी बोला."

मास्तरांना अपमान गिळायला एक रात्र लागली. सकाळी त्यांनी मनकर्णाबाईंना स्वेटर काढायला सांगितला. पिशवी धरून का होईना, दुर्बीण दिसणार होती.

भंडारदऱ्याला धरणाजवळच्या एका बंगल्याच्या अंगणात शिबिर होतं. मंडळाचे कार्यवाह राधाकृष्णपंत कानटोपी घालून उभे होते. त्यांनी अण्णांना नारळ दिला आणि पिशवी धरून उभ्या असलेल्या मास्तरांकडे दयेने पाहिलं.

"पाटीलसाहेब, त्या धुळीच्या वादळाबद्दल आपलं मत जरा सविस्तर ऐकायचं होतं."

"त्ये मास्तर सांगतील," अण्णा म्हणाले.

मास्तरांनी सांगितलं. पंधरा मिनिटं सांगितलं. शेवटी अण्णांनी मान हलवली आणि "बरोबर" म्हणाले.

पंत शेजाऱ्याच्या कानाला लागले. "बघितलंत? स्वतः एक शब्द बोलत नाहीत. कच्च्या विद्यार्थ्याकडून वदवून घेतात. याला म्हणतात शिकवणं."

दिवस मावळला, मंगळ वर चढला. मानाप्रमाणे पहिल्यांदा अण्णांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि "तांबडा हाय" म्हणाले. पंतांनी तेही वहीत टिपून घेतलं. मग मास्तरांची पाळी आली.

मास्तर वाकले. ठिपका नव्हता. गोल होता. वाटाण्याएवढाच, थरथरणारा, पण गोल, आणि त्याच्यावर काळसर पट्टा. चाळिशी उलटलेल्या माणसाने परक्या लोकांत रडू नये म्हणून ते तसेच वाकून राहिले. पाच वर्षांची वर्गणी फिटली, पिशवी फिटली, 'काय ते समजावे' हेसुद्धा फिटलं. मग कागदावरच्या छापील वर्तुळात त्यांनी असं चित्र काढलं, की पंत म्हणाले, "वा, तुमचे गुरू तुम्हाला उगाच कमी लेखतात."

पुढे रोज तोच क्रम. अण्णा बघत, मास्तर बघत आणि काढत, आणि चित्राखाली 'प्रमुख निरीक्षक' या शब्दांवर अण्णा जीभ दातात धरून सही करत. एवढंच होतं, की अण्णांचं बघणं रोज जरा लांबत चाललं होतं. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, चौथ्या दिवशी अर्धा तास. मास्तर मागे हात चोळत उभे राहत.

पाचव्या दिवशी मास्तरांनी चित्र पुरं केलं आणि कंदिलाजवळ बसलेल्या अण्णांपुढे ठेवलं. अण्णांनी पेन उघडलं. मग पुन्हा टोपण लावलं.

"मास्तर, ह्यो काळा पट्टा हितवर कुठं हाय?"

"अण्णा, तो आहेच तिथपर्यंत. सगळ्या नकाशांत आहे."

"नकाशात आसंल. वर न्हाई. निम्म्यातून पुसलाय त्यो. परवाधरनं रोज थोडा थोडा चाललाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अकरा वर्सं बांधाची भांडनं मिटवतोय मी. टीचभर सरकला तरी कळाय पायजे. न्हाई कळला तर दोन घरं जलमभर कोर्टात जात्यात."

पंत उठले आणि दुर्बिणीला डोळा लावून पुष्कळ वेळ वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

"धूळ उठली आहे," ते म्हणाले. "वादळ सुरू झालंय. आम्ही सगळे पाच दिवस बघतोय आणि..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि ते वही आणायला आत धावले.

मास्तर कागदाकडे बघत राहिले. पट्टा किती रेखीव आला होता. पुस्तकात होता तसा, हुबेहूब. सहा इंची दुर्बिणीतून पाच दिवस आपण पाच वर्षांचं वाचनच बघत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

अण्णांनी खोडरबर पुढे सरकवला. "पुसा त्ये. मग करतो सही."

मास्तरांनी निम्मा पट्टा पुसला, रबराचा भुगा फुंकला आणि मंगळ नीट बघायला उठले. दुर्बिणीपाशी अण्णा आधीच पोचले होते.

"अण्णा, जरा सरका. मला बघू द्या."

अण्णांनी डोळा काढला नाही. एक हात मागे करून त्यांनी मास्तरांना थोपवलं.

"दम धरा," ते म्हणाले. "माझं आजून बघून झालं न्हाई."