उपरण्याखालचा सौदा

वाचकहो, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीही मी कोणाचा हात न धरता आसनावरून उठतो, असे मी नंदुरबारात अभिमानाने सांगत असे. आता सांगत नाही. माझ्या क्रोधाचे मूळ तेच आहे.

श्रेय माझे नव्हते, खुर्चीचे होते. मी संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झालो, तेव्हा धानोऱ्याच्या दलसिंग सुताराने ती करून दिली. अस्सल साग, ताठ पाठ, उंच बैठक आणि दोन्ही हात असे भक्कम, की त्यांवर भार देताच मनुष्य उभा राहिलाच पाहिजे. माझे गुडघे माझ्यासोबतच निवृत्त झाले होते. त्यांचा कार्यभार ही खुर्ची वाहत होती.

गेल्या महिन्यात अरिहंत घरी आला. हुकमीचंद शेठजींचा हा चिरंजीव माझ्याकडे संस्कृत शिकला, म्हणजे वर्गात बसला, आणि आता फर्निचरचे दुकान चालवतो.

"सर, गृहसजावटीचं मोठं प्रदर्शन भरवतोय. फर्निचर, लायटिंग, सगळं एका मंडपात. उद्घाटन तुमच्या हातून. आणि आसन या विषयावर दोन शब्द."

"आधुनिक आसनांविषयी माझे मत अत्यंत प्रतिकूल आहे."

"तेच बोला, सर. भांडण असलं की गर्दी होते."

मी होकार दिला. अट एकच, माझी खुर्ची माझ्यासोबत येईल. आमच्या सौभाग्यवती मंगलाबाई टेम्पोत चढणाऱ्या खुर्चीकडे पाहून म्हणाल्या, "वरातीत घोडा नेतात तशी नेताय. परत आणा म्हणजे झालं."

मंडपात पाऊल ठेवताच माझा संताप सुरू झाला. छायाचित्रासाठी म्हणून अरिहंतने मला एका राखाडी सोफ्यावर बसवले. बसवले कसले, विसर्जित केले. माझे गुडघे कानांपाशी आले. अरिहंत आणि दोन हमाल यांनी "एक, दोन, तीन" म्हणत मला उपसून काढले, आणि छायाचित्रकाराने नेमके तेच टिपले.

त्याच आवेशात मी व्यासपीठावर गेलो.

"ज्यावरून मनुष्यास स्वतःच्या बळावर उठता येत नाही," मी गरजलो, "ते आसन नव्हे, ती दलदल आहे! ज्यांना आपल्या वृद्ध मातापित्यांचा मान राखायचा असेल, त्यांनी वाटेल ते करावे, परंतु त्यांना ताठ खुर्ची द्यावी."

प्रचंड टाळ्या पडल्या. हे भाषण कुठे आणि कसे फळास येईल, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

नंतर मी माझ्या खुर्चीवर विसावलो. समोर राक्षसी कूलर होता, म्हणून मांडीवर उपरणे पसरून हात त्याखाली घेतले. इतक्यात सारंगखेड्याचे हिंमतराव आले. केळीचे मोठे बागायतदार. घरी तीन पिढ्या घोड्यांचा व्यापार. त्यांनी वाकून नमस्कार केला, शेजारी टेकले आणि माझ्या उपरण्याखाली हात घालून माझा हात धरला.

मला भरून आले. आजकाल वृद्धाचा हात कोण धरतो?

त्यांनी माझी तीन बोटे दाबली. मी वात्सल्याने त्यांची पाचही दाबली. ते क्षणभर थबकले, मग त्यांनी चार दाबली. मी पुन्हा पाच दाबली, जरा अधिक प्रेमाने.

"तुम्हीन भलता कडक शेतस, गुरुजी," ते म्हणाले. "पण मन्ही मायनी सेवा करानी शे. चालस."

"मातृसेवेस विलंब नको," मी म्हणालो. "आजच करा."

त्यांनी उपरणे बाजूला केले, माझ्या हाती एक पाकीट ठेवले आणि गेले. मी ते गुरुदक्षिणा म्हणून मस्तकी लावले.

मग अरिहंत मला दिव्यांचे दालन दाखवू लागला. तिथे दोनशे दिवे होते आणि त्यांतील एकाच्याही उजेडात अक्षर वाचता येत नव्हते. त्याविषयी यथेच्छ रागावून परतलो, तो खुर्ची नाही!

"सर, ती तर हिंमतराव घेऊन गेले," अरिहंत म्हणाला. "हमालांना म्हणाले, सौदा झाला, गुरुजींनी आजच न्यायला सांगितलं."

"कसला सौदा? मी एक शब्द बोललो नाही!"

"घोडेबाजारात बोलतातच कुठे, सर? रुमालाखाली बोटं दाबतात. रुमाल उठला की सौदा पक्का."

हे मलाही ठाऊक होते, वाचकहो. परंतु मी घोडा विकीत नव्हतो.

त्याच टेम्पोत बसून आम्ही सारंगखेड्याला निघालो. वाटेत मी कठोर वाक्यांची अशी मालिका रचली, की अरिहंतने दोनदा टेम्पो थांबवून मला पाणी पाजले. हिंमतरावांच्या अंगणात पोहोचताच मी ते पाकीट त्यांच्यापुढे धरले.

"माझी खुर्ची परत करा."

"रुमाल उठना, गुरुजी. आते सौदा मोडस नई."

मी पहिले कठोर वाक्य उच्चारणार, तोच ओसरीवरून आवाज आला, "कोन शे रे?"

माझ्या खुर्चीवर हिंमतरावांच्या मातोश्री, वत्सलाबाई, बसल्या होत्या. नव्वदी उलटलेली. त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला आणि माझ्यादेखत, कोणाचाही आधार न घेता, त्या उभ्या राहिल्या.

"गुरुजी, दोन सालमां आज मी मन्ही मन्ही उठनू," त्या म्हणाल्या. "नातूसनी तो सोफा आना, तठे बसं का दोन जन लागेत उठाडाले. तुम्हीनच सांगं ना भाषणमां? हिंमत सांगे."

माझ्याच भाषणाने माझी खुर्ची नेली होती. मी पाकीट हिंमतरावांच्या हाती ठेवले आणि म्हणालो, "खुर्ची मातोश्रींना भेट समजून असू द्या."

"फुकट नई चालाव, गुरुजी," हिंमतराव म्हणाले. "बाजारमां सौदा मोडतस नई, पण अदलाबदल करतस." आणि त्यांनी गड्यांना हाक मारली.

तर वाचकहो, वत्सलाबाईंचा राखाडी सोफा आता आमच्या बैठकीत आहे. अरिहंतच्याच दुकानातला. मंगलाबाई म्हणतात, "रागवा खुशाल, पण उभं राहून रागवा." असले आसन विकल्याबद्दल अरिहंतला जाब विचारायला मी या क्षणी निघालो आहे. काठी हाताशी आहे, मुद्दे तयार आहेत, क्रोध अनावर आहे.

मंगलाबाई शेजारच्या दीपमालाबाईंना बोलवायला गेल्या आहेत. त्या दोघी आल्या, की लगेच उठतो.