दामूअण्णांचा पेचकस

दामूअण्णा पेचकसाने ऐकतात. चेष्टा नाही. पेचकसाचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आतलं बेरिंग कसं आहे ते सांगायचं. जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये फिटर म्हणून त्यांनी उभा जन्म हेच केलं. पुढे किडन्या गेल्या, नोकरी गेली. पेचकस तेवढा राहिला.

मी शाळामास्तर आणि ते, असे आम्ही डायलिसिसचे सोबती. मंगळवार-शुक्रवार, शेजारशेजारच्या खाटा. डायलिसिससाठी आमच्या हातात दोन रक्तवाहिन्या जोडून दिल्यात. तिथे कान लावला की रक्ताची घरघर ऐकू येते. अण्णांना आणखी काय हवं? पेचकसाच्या टोकाला चिंधी गुंडाळून आल्या आल्या फेरी सुरू. "हात दाखवा सर... बेरिंग बराबर हाय. भिऊ नका." एकदा टेंभुर्णीच्या एका आजींची घरघर त्यांना मंद वाटली. त्यांनी डॉक्टरांना जेवणावरून उठवून आणलं, तर खरंच रक्तवाहिनी बंद पडत आली होती. तेव्हापासून सिस्टरही त्यांना अडवत नाहीत.

पण स्वतःच्या हृदयाची तपासणी म्हटली की हा माणूस गुल! डॉक्टर समजावत, "अण्णा, किडनी बिघडली की हृदयावर ताण येतो, रक्तवाहिन्या कडक होतात. एको करून घ्या." अण्णांची सबब तयार, कधी कुणाचं लग्न, कधी पोळा. "करून राह्यलो ना, जल्दी काय हाय?"

परवा डायलिसिस संपल्यावर मी भडकलोच. "लोकांचे हात तपासता आणि स्वतःचं हृदय दाखवायला भिता?"

अण्णा हळूच म्हणाले, "खराब निघंल म्हणून भेत न्हाई, सर. चांगलं निघालं तं मंग माझ्या बायकोला, गिरजाला, ऑपरेशनच्या टेबलावर घेतेत. तिची किडनी मला जुळली हाय. माझ्यासारख्या भंगारापायी चालू मशीन खोलायची व्हय?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. बघतो तर डबा घेऊन आलेल्या गिरजाकाकू दारातच उभ्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

त्यांनी डबा ठेवला, उशीखालचा पेचकस काढला, टोक अण्णांच्या छातीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. हुबेहूब अण्णा!

"बिलकुल बराबर हाय," काकू म्हणाल्या. "उठा, एकोला चला. आन् माझी मशीन खोलायची का न्हाई, ते मी ठरवीन."

अण्णा निमूट उठले. दारातून परत आले आणि पेचकस माझ्या हातात देऊन म्हणाले, "मी येईस्तोवर फेरी मारा, सर."

मारली. मला कशातलं काही कळत नव्हतं, डोळेही भरून आले होते. तरी प्रत्येक खाटेपाशी थांबून ठणकावून सांगितलं, "बराबर हाय!"