भावकीचा चहा

पोरीच्या लग्नाची अक्षत वाटता वाटता रंगराव भोसरीच्या भर रस्त्यात मटकन खाली बसला. छातीवर हात, कपाळाला घाम. काळीज असं उधळलेलं, की शर्यतीच्या घाटात बैल सुटलेत आणि कासरा कुणाच्याच हातात नाही.

"भिमा, मी चाललो रं!"

"कुठं?" अक्षतेचं ताट सांभाळत चुलतभाऊ भिमाजीनं विचारलं.

"वर! हात लाव हितं."

भिमाजीनं छातीला हात लावला आणि चटका बसल्यागत मागं घेतला. "आरं तिच्या! हितं तर लेझीम चाललंय!"

त्यानं रंगरावाला धरून पुढच्या घरात नेलं. घरची बाई म्हणाली, "उन्हाचं झालं असंल. चहा घ्या, तरतरी यील." रंगरावानं चहा घेतला. धडधड जराशी उतरली आणि त्याच्या पुढच्या घरात दुप्पट होऊन परत आली. तिथलं म्हातारं म्हणालं, "उपाशी फिरतोस, दुसरं काय? चहा घे." तिसऱ्या घरात दृष्ट निघाली. मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि त्याच चुलीवर चहा ठेवला. दर घरात कारण निराळं, औषध एकच.

आणि नको म्हणायची सोय नव्हती. नवरीच्या बापानं चहा टाळला म्हणजे त्या घराला कमी लेखलं. मागं एका लग्नात हेच झालं, तर भावकीतला थोरला अर्जुनआबा बायकापोरांसकट मांडवाबाहेर बसून राहिला. मुहूर्त टळला, पण आबा हलला नाही. आता त्याच आबाचं घर तेवढं राहिलं होतं.

"आधी डॉक्टर," भिमाजी म्हणाला. त्यानं गाडी जुंपली आणि रंगरावाला पिंपरीला नेलं.

डॉक्टरांनी नळी लावली. "दिवसाला चहा किती घेता?"

"लई न्हाई सायेब. घराला एक."

"घरं किती?"

"भावकी हाय, सायेब."

डॉक्टरांनी नळी कानातून काढली. "चहा बंद. आज थेंबसुद्धा नको. तंबाखू, जागरण, काळजी, यानंही असं होतं. तेही बंद."

"पोरीचं लगीन हाय. काळजी न्हाई करायची, तर बाप कशाला म्हनायचं?"

"मग पुन्हा धडधडलं, तर पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जा."

परत येताना गाडीत रंगरावाला पेच पडला. चहा घ्यावा तर जीव जातोय, न घ्यावा तर लग्न.

"तुझा कप मीच पितो की," भिमाजी म्हणाला. सकाळपासून तोही बरोबरीनं पीत होता, पण त्याला काही म्हणता काही झालं नव्हतं. त्याचं काळीज म्हशीचं.

अर्जुनआबा घोंगडीवर टेकून बसला होता. "आलास? समदं गाव फिरून झालं, मंग थोरल्याची आठवन झाली व्हय? बस. अगं ए, चहा टाक!"

नुसत्या शब्दानंच रंगरावाचं काळीज उडालं. "आबा, डॉक्टरनं चहा..."

"डॉक्टर भावकीतला हाय का?"

आबाच्या बायकोनं, सुभद्राबाईनं, काळाभोर, वाफाळता कप पुढं ठेवला. भिमाजीनं हळूच हात लांबवला, तर आबा खेकसला, "तुझा येतोय की!" रंगरावानं डोळे मिटले, पोरीचं तोंड आठवलं आणि कप एका दमात रिचवला. लगेच छातीत अशी घोडदौड सुरू झाली, की तो घोंगडीवर आडवाच झाला.

"भिमा, काय बी होऊ दे... मांडव मोडू नका."

आबाचं तोंड पांढरंफटक पडलं. "आरं, माझ्या घरात नको! अगं, काय घातलंस चहात?"

"चहाच न्हाई वो त्यो!" सुभद्राबाई रडवेली झाली. "सकाळच्या पाव्हन्यांतच पूड संपली. काळा गूळ नि सुंठ उकळून दिली. घरची लाज झाकली मी."

भिमाजीनं छातीला हात लावला. जरा वेळानं म्हणाला, "थांबलं."

सुभद्राबाईनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं.

"धडधड थांबली, काकी!"

रंगराव उठून बसला. टोपी सरळ केली. आबानं सुटकेचा श्वास टाकला. "वाचलास गड्या. जा आता, लग्नाला समदी येतो."

रंगराव जागचा हलला नाही.

"आबा, साऱ्या भावकीनं चहा पाजला. आन तुमी थोरले असून नवरीच्या बापाला गुळवनी पाजता?"

"आरं, पन तुझं काळीज..."

"काळजाचं मी बघतो. हितनं चहाबिगर उठलो, तर गावात तोंड कसं दावू?" आणि तो मांडी घालून पक्का बसला.

आबानं बायकोकडं बघितलं. भिमाजीकडं बघितलं. मग मुंडासं गुंडाळलं, रिकामा डबा धोतराच्या सोग्याखाली लपवला आणि कुणाला दिसू नये म्हणून परसदारानं, शेजाऱ्याकडं उसनी पूड मागायला निघाला.