सरकारी मांजर, खाजगी उंदीर

रेकॉर्डकीपरांनी स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहिलं. ओट्याखाली कचेरीचं मांजर बसलं होतं आणि त्याच्या तोंडात उंदीर होता.

बायको मात्र खूश होती. सहा महिने त्या उंदरानं तिला नको जीव करून सोडलं होतं. तांदळापासून साबणापर्यंत त्याला काहीच वर्ज्य नव्हतं. रेकॉर्डकीपर मात्र मटकन खाली बसले. मांजर साधंसुधं नव्हतं. फायलींच्या रक्षणासाठी त्याची रीतसर नेमणूक झाली होती, दूधही मंजूर होतं. क्वार्टर कचेरीला लागूनच, त्यामुळे ते खिडकीतून आलं असणार. आणि नेमका आठवड्यापूर्वी नवा कडक कायदा आला होता. सरकारी साधन घरकामाला वापरलं तर निलंबन, वर पेन्शन बंद. रेकॉर्डकीपरांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"कुणी पाहिलंय?" बायको म्हणाली.

"मी पाहिलंय ना."

माणूसच तसा. कचेरीची टाचणी चुकून खिशातून घरी आली, तर त्यांना जेवण जात नसे. कायद्याबरोबर स्वतःहून कबुली देण्याचे फॉर्म आले होते. ते अख्ख्या कचेरीत यांनी एकट्यानं भरले. बाकीच्यांनी मागची बाजू कोरी म्हणून किराण्याच्या यादीसाठी घरी नेले.

एकच कबुली आल्यामुळे चौकशीही एकच झाली. चौथ्या दिवशी एक तरुण अधिकारी घरी आले. चहा ही लाच ठरेल म्हणून ते पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. पोरगं स्वभावानं चांगलं होतं, काका काका करत होतं.

"काका, उंदीर कचेरीचा असेल तर मांजर कामावर होतं," ते म्हणाले. "घरचा असेल तर तुमची पेन्शन गेली."

मग शोध सुरू झाला. दोघांनी मिळून तांदळाचं पिंप सरकवलं, तर मागे उंदराचं घरटं. त्यात फायलींची कुरतडलेली चिटोरं होती, एकावर अर्धा गोल शिक्कासुद्धा. उंदीर सरकारी असल्याचं सिद्ध झालं आणि अधिकाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण रेकॉर्डकीपरांचा चेहरा पडला. सरकारी कागद घरी सापडणं हा तर त्याहून मोठा गुन्हा, हे कलम त्यांनी स्वतःच पाठ म्हणून दाखवलं. आगीतून फुफाट्यात. अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला.

बायको पुढे आली. "म्हणजे उंदीर सरकारचा होता?"

"हो, काकू."

"मग सहा महिने सरकारनं माझे तांदूळ खाल्ले. यात कुणाची पेन्शन जाते, तेवढं सांगा."

अधिकाऱ्यांनी कायद्याचं पुस्तक पुढून मागे चाळलं, मग मागून पुढे. असं कलम नव्हतं. हा प्रश्न वर पाठवला तर आधी आपलीच नोकरी जाईल, हे त्यांना कळून चुकलं. त्यांनी आवाज खाली आणला. उंदीर नव्हताच असं काकांनी लिहून द्यावं, म्हणजे मांजर सुटेल, सरकार सुटेल, सगळेच सुटतील.

रेकॉर्डकीपर खोटं लिहायला तयार होईनात. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, दोनच महिने राहिलेत," एवढंच ती म्हणाली, आणि त्यांना फार वाईट वाटलं. यांच्या सचोटीपायी तिनं आयुष्यभर काटकसर केली होती. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. मग स्वतःचं पेन काढून त्यांनी सावकाश लिहिलं: चौकशीच्या दिवशी घरात एकही उंदीर आढळला नाही.

अधिकाऱ्यांनी दोनदा वाचलं. "हे खोटं नाही ना, काका?"

"अजिबात नाही. चार दिवसांपूर्वीच मांजरानं खाल्ला."

शिक्का बसला. बायकोनं डोळे पुसले. अधिकाऱ्यांनी खुशीत ती चिटोरं गोळा करून आपल्या बॅगेत भरली आणि आता जेवायला घरी जातो म्हणून निरोप घेतला. ते फाटकापर्यंत पोचले असतील नसतील, रेकॉर्डकीपर अनवाणीच मागे धावले.

"साहेब, घरी नका जाऊ," ते कळवळून म्हणाले. "सरकारी कागद आहेत बॅगेत. तुमची तर अख्खी नोकरी पुढे आहे."

अधिकारी तिथून जे सुटले, ते थेट कचेरीत जाऊन थांबले. जेवले नाहीत.